किलबिल छापायची आणि मुलांना घरी ठेवायचं?

मंडळी, लग्नपत्रिका वाचायची माझी एक पद्धत आहे. मुहूर्त, स्थळ, विनीत वगैरे नंतर. आधी मी खालच्या कोपऱ्यात बघते, 'किलबिल' आहे का! घरातल्या पोरांची नावं आणि वर ती ठरलेली ओळ, "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!" बाकी सगळी पत्रिका 'उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत' अशा कडक इस्त्रीच्या मराठीत असते. त्या एका 'हं'मध्ये मात्र कोणीतरी खरंच बोलतंय असं वाटतं. मराठी शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे अशा गोष्टी नजरेतून सुटत नाहीत.

मध्यंतरी नात्यातलीच एक पत्रिका आली. किलबिलमध्ये सात नावं. दोन दिवसांनी फोन आला, की रिसेप्शन रिसॉर्टवर आहे, प्लेटचा हिशेब आहे, तेवढं मुलांना आणू नका. म्हणजे 'यायचं हं' म्हणणारी सातही जणं स्वतःच घरी! (कोणाचं लग्न ते लिहीत नाही. घरच्यांना कळलंच असेल आणि बाहेरच्यांना कळून उपयोग नाही.) तेव्हापासून आमच्या घराण्यात दोन तट पडलेत. दोन सुनांनी "मुलं नाहीत तर आम्हीही नाही" असं कळवून टाकलं. मुलीच्या आईचं म्हणणं, पैसे आम्ही खर्च करतोय, पाहुणे आम्ही ठरवणार. आणि मला दोन्हीकडून फोन, "तुम्ही मोठ्या, तुम्हीच सांगा." प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथे एकदाच लिहिते.

माझं मत सरळ आहे. लग्नाला मुलांना बोलवावं. पण 'आमच्या वेळी असं नव्हतं' हे कारण मी देणार नाही, कारण आमच्या वेळीही असं होतं. 'हे परदेशी फॅड आहे' म्हणणाऱ्यांनी जुने शब्द आठवून बघावेत. गावाकडे आमंत्रणाच्या पायऱ्याच असायच्या. 'घरटी एक' म्हणजे घरातून एका माणसाने जायचं, बहुधा कर्त्याने. 'चूलबंद' म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही, तान्ह्या पोरापासून म्हातारीपर्यंत सगळ्यांनी जेवायला यायचं. मुलं यायची ती चूलबंद आमंत्रणात. यजमानाची ऐपत नसेल तर घरटी एक. त्यात कोणाला अपमान वाटत नव्हता, कारण जे होतं ते तोंडावर सांगितलेलं असायचं. आपण आता 'सहकुटुंब सहपरिवार' छापतो आणि फोनवर घरटी दोन करतो. माझा राग आहे तो या लपवाछपवीवर.

न्यू जर्सीला माझी भाची असते. तिच्याकडून कळलं की तिथे पाकिटावर ज्यांची नावं तेवढ्यांनाच बोलावणं. मुलांची नावं नसतील तर मुलं नाहीत, आणि कोणी रुसत नाही. तिथल्या आपल्या मराठी लग्नांत बरेचदा सकाळचे विधी सगळ्यांसाठी असतात आणि संध्याकाळचं जेवण-नाच मोठ्यांसाठी. आधी मला हे कोरडं वाटलं होतं. पण निदान पाकीट खोटं बोलत नाही!

मग मी मुलांच्या बाजूने का?

आपल्या लग्नात मुलांना कामं होती म्हणून. अक्षता कोण वाटायचं? चार-पाच पोरं, हातात ताटं घेऊन, आजोबांच्या मुठीत जास्त आणि अनोळखी माणसाच्या मुठीत कमी घालत. दारात गुलाबपाणी शिंपडायला मुलं. पंगतीत मीठ वाढायला मुलं, कारण पडलं-झडलं तरी नुकसान मिठाचंच. करा हातात धरून मिरवणारी करवली तर कित्येकदा सात-आठ वर्षांची असायची आणि तिचा तोरा नवरीपेक्षा जास्त. लाह्यांच्या होमाच्या वेळी नवरीचा भाऊ नवऱ्या मुलाचा कान पिळतो, तो भाऊ जितका लहान तितकी मजा मोठी. बूट पळवण्याचा उद्योग आपल्याकडे फोफावला तो बहुतेक १९९४ च्या 'हम आपके हैं कौन'नंतर, पण तोही पोरांनी लगेच आपलासा केला. सांगायचं काय, तर मुलं तिथे पाहुणी नव्हती, मदतनीस होती. आता अक्षतांच्या पुरचुंड्या खुर्चीवर आधीच ठेवलेल्या असतात, गुलाबपाण्याला गणवेशातल्या मुली असतात, पंगत जाऊन बुफे आला. काम काढून घेतलं की मूल काय करणार? खुर्च्यांमधून पळणार, नाहीतर मोबाइल बघणार. मग आपण म्हणायचं, मुलं लग्नात नुसता दंगा करतात!

एक साधी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. पूर्वी लग्नं वैशाखात, म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत जास्त असायची. परीक्षा संपलेल्या, मुलं आठ-आठ दिवस लग्नघरी. आता परदेशातल्या मुलामुलींच्या रजा डिसेंबरात, म्हणून लग्नंही डिसेंबरात, आणि शाळेत तेव्हा चाचण्या. तासाभरासाठी आलेल्या मुलाला लग्नघर कळणार कसं?

आणि कळायला हवं. आमच्या भिवंडी तालुक्यातल्या आगरी लग्नांत धवलारीण असते. ती धवले गाते आणि लग्न लागतं. हे धवले ती कोणत्याही पुस्तकातून शिकलेली नसते. म्हाताऱ्या बायकांच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या पोरींनी ते ऐकून ऐकून उचललेले असतात. (धवळे हा मराठीतला फार जुना प्रकार. तेराव्या शतकातल्या महदंबेचे धवळे मी वर्गात शिकवले आहेत आणि आगरी मुली तेव्हा एकमेकींकडे बघून हसायच्या, "बाई, हे आमच्याकडचंच आहे की!") त्या पोरींना लग्नाला बोलावलं नसतं तर पुढे गायलं कोणी असतं?

आता दुसरी बाजू, कारण तिकडच्या मंडळींचे मुद्दे खोटे नाहीत. मंगलाष्टकं चालू असताना तान्हं मूल टाहो फोडतं आणि आई जागची हलत नाही, याचा त्रास मलाही होतो. ताटभर वाढून घेऊन दोन घास खाऊन टाकलेलं अन्न बघवत नाही. पण त्या बाबतीत मोठी माणसं मुलांपेक्षा मागे नाहीत. रिसॉर्टवर पोहण्याचा तलाव उघडा असतो आणि लग्नाच्या गडबडीत कोणाचं लक्ष नसतं, ही काळजीसुद्धा खरी आहे. आणि मोजक्या माणसांत लग्न करायचं असेल तर जरूर करावं. कर्ज काढून चूलबंद आमंत्रणं द्या असं मी कशी म्हणेन? फक्त मग माणसं कापताना आधी कोण कापलं जातं तेवढं बघावं. ऑफिसातले साहेब, साहेबांचे साहेब आणि ज्यांना नवरी ओळखतही नाही असे नेते यादीत राहतात. सख्ख्या बहिणीचा सहा वर्षांचा मुलगा जातो. तो आहेर आणत नाही ना!

मला हे टोचतं त्याचं आणखी एक कारण आहे. मे २०२० च्या अखेरीस केंद्र सरकारचे नियम आले तेव्हा लग्नाला ५० माणसांची मर्यादा होती, आणि ६५ वर्षांवरच्यांनी व १० वर्षांखालच्यांनी घरीच थांबावं असं सांगितलं होतं. पुढे एप्रिल २०२१ मध्ये आपल्या राज्यात मर्यादा २५ माणसांवर आली, तीही दोन तासांत सगळं उरकायचं, नाहीतर ५०,००० रुपये दंड. रोगाची भीती होती, नियम योग्यच होते. त्या काळात घरातली लग्नं मी आणि माझ्या धाकट्या नातीने मोबाइलवर पाहिली. तिने घरातल्या डब्यातले तांदूळ आणून त्या मोबाइलवर टाकले आणि मला म्हणाली, "आजी, त्यांना लागले का गं?" तेव्हा जाणवलं की कापाकापीच्या यादीत म्हातारी आणि पोरं एकाच ओळीत असतात. आज रिसॉर्टवर मुलं नकोत म्हणणाऱ्यांना उद्या काठी टेकत येणाऱ्या आत्या, मावश्याही अडचणीच्याच वाटतील. जिने आहेत, उशीर होतो, पथ्याचं जेवण लागतं. कारणं काय, मिळतातच.

राहता राहिली आमच्या इकडची हळद. दुपारी हळद लागते तोवर मुलांचं राज्य असतं, पिवळे हात, पिवळे कपडे, सगळी धमाल. रात्री मात्र डीजेच्या भिंती उभ्या राहतात आणि छाती धडधडायला लागते. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० सालापासून आहे. तो किती पाळला जातो ते या बाजूच्या लोकांना मी सांगायला नको. त्यात बाटल्या निघतात. अशा वेळी मुलांना घरी न्यावंच, माझं दुमत नाही. पण मुलांना जिथे उभं करवत नाही तिथे त्यांच्या आया, आज्या आणि नवी नवरी यांना तरी का उभं करायचं, हा प्रश्न मी हळदीच्या मांडवात दोनदा विचारला आहे. दोन्ही वेळा उत्तर म्हणून मला आइस्क्रीम मिळालं.

तर दोन्ही तटांच्या मंडळींनो, रिसॉर्टचं बुकिंग झालंय, ते राहू द्या. सकाळचा मुहूर्त इथल्या हॉलमध्ये आहे, त्याला सातही मुलांना बोलवा आणि अक्षतांची ताटं त्यांच्या हातात द्या, पुरचुंड्या नकोत. संध्याकाळी मोठ्यांनी जावं. मुलांना सांभाळायला कोणी हवं असेल तर माझ्याकडे आणून सोडा, आमंत्रण असलं तरी मला त्या घाटातल्या रस्त्याने रात्री परतायचा कंटाळाच आहे. मुगाची खिचडी आणि पत्ते, एवढं माझ्याकडून. कोणकोण येणार ते आधी कळवा म्हणजे डाळ-तांदूळ तेवढे भिजत घालते.