कर्ज म्हणजे श्रीमंती कधीपासून झाली?

सेनगाव तालुक्यातल्या आदिवासी भावांनो, मायबहिणींनो,

घरकुलाच्या यादीतून नाव गेलं की आपण म्हणतो, नशीब! नशीब नाही, तो नियम आहे. अन् नियम माणसानं केलेला असतो.

प्रधानमंत्री आवास योजनेत नाव बाद करण्याच्या आता दहा अटी आहेत. त्यातली एक जरी लागू झाली तरी घरकुल गेलं. 2024 पर्यंत अटी तेरा होत्या. मोटारसायकल, फ्रीज अन् घरचा फोन यांच्या अटी सरकारनं काढल्या. बरं झालं. पण एक अट जशीच्या तशी ठेवली : किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा 50,000 रुपये किंवा जास्त असेल तर घरकुल नाही.

मर्यादा म्हणजे काय? बँक जास्तीत जास्त किती कर्ज देईल तो आकडा. तो पैसा आपला नाही, फेडायचा आहे. पीक कोणतं, एकर किती, यावर बँक हिशेब धरते. त्यात घरखर्चाचे दहा टक्के अन् शेती-औजारांच्या देखभालीचे वीस टक्के मिळवते. वरून दरसाल दहा टक्के वाढ धरून पाच वर्षांचा आकडा ठरवते. सोयाबीनसोबत थोडी हळद लावली की 50,000 ओलांडायला कितीक वेळ? घरात दाणा नसला तरी कागदावर आपण सधन! सातबाऱ्यावरचा बोजा हाच आपल्या श्रीमंतीचा पुरावा!

ही खोड जुनी आहे. 2002 च्या दारिद्र्यरेषेच्या पाहणीत तेरा प्रश्न होते. जितके गुण कमी तितकं घर गरीब. रोजच्या खाण्यासाठी सावकाराचं कर्ज असेल तर शून्य गुण. कर्ज फक्त बँक-सोसायटीचं असेल तर तीन गुण. म्हणजे सावकाराच्या दारात गेला तो गरीब, बँकेत गेला तो सुधारला.

याचा परिणाम काय? घरकुलापायी माणूस कार्ड नको म्हणतो अन् पेरणीला सावकार गाठतो. आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे गहाण ठेवता येत नाही, हा कायदा 1974 पासून आहे. म्हणून कागद होतच नाही, तोंडी सौदा होतो. दोन हंगामांत वावर त्याच्या औताखाली जातं. घर मिळवायला निघालो अन् जमीन घालवून बसलो!

दुसरी अट बघा. पाच एकर कोरडवाहू जमिनीची मालकी असली तरी नाव बाद. वनहक्क कायद्याचा पट्टा चार हेक्टरपर्यंत मिळतो, म्हणजे सुमारे दहा एकर. पण तो विकता येत नाही, कुणाच्या नावे करता येत नाही. पट्टा दाखवून कुणी नाव कापत असेल तर विचारा : साहेब, जे विकता येत नाही त्याची मालकी कशी धरली? कोणत्या नियमानं? लेखी द्या.

बायांनो, तुम्ही घाबरू नका. बचत गटातली बचत किंवा खात्यातली शिल्लक या दहा अटींत कुठंच नाही. अट आहे ती महिन्याला 15,000 च्या वर कमावणाऱ्या माणसाची. गटाचं कर्ज ही कमाई नव्हे. खातं बंद करू नका, बचत मोडू नका.

साहेब म्हणतील, पैसा थोडा, माणसं फार, कुठंतरी रेघ ओढावीच लागते. ओढा की! पण घेणं मोजता तसं देणंही मोजा. मर्यादा बघता, मग थकबाकी का बघत नाही?

कार्ड लपवा, खोटं लिहा, असं संघटना सांगत नाही. खोट्यानं एकाचं घर होईल, नियम तसाच राहील. यादी ग्रामसभेत वाचली जाते, तिथं सगळ्यांनी हजर राहा. नाव कापलं तर कोणत्या अटीनं, ते इतिवृत्तात लिहून घ्या. हरकत लेखी द्या, पंचायत समितीची पोच घ्या, मग अपिलात चला. अन् गावोगाव एकच ठराव करा :

क्रेडिट कार्डाची अट रद्द करा! वनपट्टा मालकीत धरू नका! गरीब कोण, ते ग्रामसभा ठरवेल!