‘निवडक’ लागूंचा प्रश्न

डॉ. श्रीराम लागू (१९२७–२०१९) यांच्या अभिनयाविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यात एक सोयीस्कर विभागणी बहुधा गृहीत धरलेली असते. रंगभूमीवरील ‘नटसम्राट’ (१९७०) आणि पडद्यावरील ‘सामना’ (१९७५), ‘सिंहासन’ (१९७९) ही कलावंत लागूंची निर्मिती; हिंदी चित्रपटांतील वडीलधारी, प्रतिष्ठित दुय्यम पात्रे ही संसारी लागूंची रोजंदारी. पहिल्या लागूंवर समीक्षेने लिहावयाचे, दुसऱ्यांविषयी सभ्य मौन पाळावयाचे. शंभराहून अधिक चित्रपटांतून पाच-सहा वेचून त्यांच्या बळावर नटाची थोरवी सिद्ध करण्याच्या या रीतीला अभ्यासाची प्रतिष्ठा मिळाली आहे. वस्तुतः निष्कर्ष आधी ठरवून पुरावा मागाहून निवडणे, एवढेच तिचे स्वरूप आहे. तिला मूल्यमापन म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग होय.

ही रीत साहित्यसमीक्षेतून उसनी आणलेली आहे. एखाद्या कवीची ‘निवडक कविता’ संपादित करताना फिकट रचना वगळता येतात; कारण चांगल्या आणि वाईट, दोन्ही कवितांचा कर्ता एकच असतो. चित्रपटातील भूमिकेचे कर्तृत्व असे एकहाती नसते. संहिता, दिग्दर्शन, छायाचित्रण आणि संकलन यांच्या परस्परसंबंधांतून ती सिद्ध होते. ‘सामना’ श्रेष्ठ आहे म्हणून त्यातील मास्तर श्रेष्ठ, असे म्हणणाऱ्या समीक्षकाने विजय तेंडुलकरांच्या पटकथेचे आणि जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाचे श्रेय नकळत नटाच्या खात्यावर जमा केलेले असते. उलट, चित्रपट सामान्य असला की दोष निर्मात्याच्या धंदेवाईकपणाचा ठरतो. नफा नटाचा आणि तोटा धंद्याचा, असा हा जमाखर्च आहे.

या जमाखर्चाच्या समर्थनार्थ अर्थकारणाचा दाखला दिला जातो. वैद्यकीय व्यवसाय सोडून पूर्णवेळ नट झालेल्या माणसाला गंभीर मराठी नाटक पोसू शकत नव्हते, हे खरेच आहे. परंतु भूमिका का स्वीकारली, याचे उत्तर चरित्रात सापडते. ती कशी वठली, याचे उत्तर पडद्यावरच शोधावे लागते. गरजेपोटी केलेले काम वाईटच होते असा नियम नाही आणि ध्येयापोटी केलेले चांगलेच होते असाही नाही. चरित्रातील सहानुभूती समीक्षेत निकष म्हणून वावरू लागली, की नटाची कला तपासण्याचे काम तिथेच थांबते.

दोन मद्यपी शेजारी ठेवून पाहावेत. ‘सामना’मधील मास्तर दारूत बुडालेला आहे, परंतु ती दारू स्वातंत्र्योत्तर भ्रमनिरासाचा इतिहास वाहते. मारुती कांबळे या नाहीशा झालेल्या माणसाविषयीचा प्रश्न तो हिंदुराव धोंडे पाटलाच्या साखरसाम्राज्यात पुनःपुन्हा विचारतो, तेव्हा लागूंच्या आवाजातील नशा आणि प्रश्नातील शुद्ध यांचा ताण एकाच वाक्यात ऐकू येतो. ‘लावारिस’मधील (१९८१) गंगू गणपतही दारुडाच. टाकलेल्या पोराला वाढवणारा हा माणूस क्रौर्य आणि अवलंबित्व यांच्या गुंत्यातून उभा राहू शकला असता. पटकथेला तो केवळ नायकाच्या दुःखाचे निमित्त म्हणून हवा होता, हे मान्यच आहे. पण पटकथेने रिकामी ठेवलेली जागा नटानेही रिकामीच ठेवली. व्यसनाच्या बाह्य खुणा तेवढ्या ठळक झाल्या आणि माणूस दिसेनासा झाला. हे अपयश पटकथेइतकेच नटाचेही आहे.

तसे नसते, तर ‘घरौंदा’ (१९७७) शक्य झाला नसता. भीमसेन यांच्या या चित्रपटातील मोदी हा श्रीमंत, प्रौढ, हृदयविकाराने ग्रासलेला मालक; तो लवकर मरेल या हिशेबाने सुदीप आपल्या प्रेयसीला त्याच्याशी लग्न करावयास सुचवतो. मोदी नुसता सावज राहिला असता तरी कथा चाललीच असती. लागूंनी त्याला संकोच आणि मृदुता दिली आणि सुदीपचा हिशेबच नव्हे, तर प्रेक्षकाचाही हिशेब अवघड करून ठेवला. मृणाल सेन यांच्या ‘एक दिन अचानक’मध्ये (१९८९) पावसात घर सोडून गेलेला प्राध्यापक बराच काळ अनुपस्थित असतो, तरी उरलेल्यांच्या आठवणींना आधार पुरेल इतके वजन त्या भूमिकेत आहे. तेव्हा ‘हिंदीतील लागू’ नावाची एकजिनसी अडगळ अस्तित्वातच नाही. ती न पाहता नाकारणाऱ्यांनी निर्माण केली आहे.

रंगभूमी आणि चित्रपट यांच्या तुलनेतही पुराव्याची विषमता विसरली जाते. नाटकाचा प्रयोग संपतो. फसलेले प्रयोग विस्मृतीत जातात आणि रंगलेला प्रयोग दंतकथा होतो. चित्रपट मात्र प्रत्येक निष्काळजी क्षण जपून ठेवतो. ‘रंगभूमीवर थोर, पडद्यावर असमान’ या सर्वमान्य निवाड्यात नटाच्या गुणांइतकाच दोन माध्यमांच्या स्मरणशक्तीतील फरक बोलत असतो.

लागूंनी आपल्या आत्मचरित्राला ‘लमाण’ (२००४) असे नाव दिले. नट हा दुसऱ्याचा माल वाहून नेणारा, या प्रतिमेतील विनय समीक्षकांनी सवलत म्हणून वापरला. पण कोणता माल उचलला आणि तो मुक्कामी कोणत्या स्थितीत पोहोचवला, याचा जाब लमाणालाच द्यावा लागतो. असमान कारकीर्दीचा निवाडा म्हणून भूमिकागणिक झाला पाहिजे: संहितेने काय दिले, नटाने त्यात काय घातले आणि काय घालावयाचे टाळले. हा हिशेब मांडल्याने लागूंची उंची कमी होणार नाही. ती प्रथमच मोजली जाईल. वेचक भूमिकांची पूजा बांधणाऱ्यांना नेमकी हीच मोजणी नको आहे.