गाडी आपली, पाना कंपनीचा

गेल्या पावसाळ्यात माझी मोटारसायकल चालता चालता बंद पडू लागली. पनवेलमधील अधिकृत विक्रेत्याच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ती तीनदा नेली. दोनदा ऑइल, धुलाई आणि पॉलिश यांचे बिल हाती पडले. दोष होता तिथेच राहिला. तिसऱ्या वेळी सांगण्यात आले की एक अख्खा भाग बदलावा लागेल, तो मागवावा लागेल, आणि कधी येईल ते सांगता येणार नाही. अखेर जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगतच्या एका लहानशा गॅरेजात गाडी ढकलत नेली. तिथल्या मिस्त्रीने हँडलखाली घासून उघडी पडलेली वायर तासाभरात शोधून काढली. पैसे घेताना तो म्हणाला, "सर, वायर होती म्हणून सापडली. आत काही बिघडलं असतं तर कंपनीचं मशीन लावल्याशिवाय कळलं नसतं, आणि ते मशीन आम्हाला मिळत नाही."

त्याच्या या शेवटच्या वाक्यात साऱ्या प्रश्नाचे मूळ आहे. एका निवृत्त प्राध्यापकाची गैरसोय हा काही सामाजिक प्रश्न नव्हे. मला थांबणे परवडते. परंतु तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर जाणारा कामगार किंवा कळंबोलीत घरोघर पार्सले पोचवणारा तरुण यांना ते परवडत नाही. गाडी उभी राहिली की त्यांची रोजी बुडते. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

आमच्या पिढीला स्कूटरची रांग आठवते. १९७२ साली आलेल्या बजाज चेतकसाठी लोकांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली. त्या टंचाईचे समर्थन समाजवाद्यांनी करण्याचे काहीच कारण नाही. पण एकदा गाडी दारात आली की ती खऱ्या अर्थाने मालकाची होत असे. नाक्यावरचा कोणताही मिस्त्री ती खोलून जोडू शकत असे. १९९१ नंतर रांग संपली, असे आपल्याला सांगण्यात आले. वस्तुतः ती शोरूमच्या दारातून उठून सर्व्हिस सेंटरच्या दारात जाऊन बसली. आज गाडी अर्ध्या तासात कर्जावर मिळते. तिचा सुटा भाग मिळत नाही.

यामागे कोणाचा आळस नाही, हिशेब आहे. गाडी विकताना कंपनीला इतर कंपन्यांशी स्पर्धा करावी लागते. विक्री होताच ती स्पर्धा संपते. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि दोष वाचणारे यंत्र ही तिन्ही एकाच हातात असली, तर बिघाडापायी नवी गाडी घेऊ न शकणारा ग्राहक त्या हाताचा बंदी बनतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे प्रदूषणनिकष लागू झाले आणि कार्बोरेटरची जागा इलेक्ट्रॉनिक इंधन-यंत्रणेने घेतली. निकष आवश्यकच होते. पण नव्या यंत्रणेचे ज्ञान कुलूपबंद ठेवावे, असे कोणत्याही निकषात लिहिलेले नाही.

ही केवळ डाव्यांची ओरड आहे काय? भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो नेमका याच व्यवहारांसाठी. सुटे भाग खुल्या बाजारात द्या, आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून वॉरंटी रद्द करू नका, असे आयोगाने बजावले. तो आदेश मोटारगाड्यांपुरता होता. दुचाकीवाला त्याबाहेर राहिला. भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या अमेरिकेतही १९७५ च्या कायद्याने वॉरंटीसाठी ग्राहकाला विशिष्ट कंपनीच्याच भागांशी किंवा सेवेशी बांधण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली. आपल्या केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि डिसेंबरात एक संकेतस्थळ उघडले. पण संकेतस्थळ म्हणजे हक्क नव्हे. जो मागितल्यावर मिळालाच पाहिजे आणि नाकारल्यास शिक्षा झाली पाहिजे, तोच हक्क.

अर्धशिक्षित मिस्त्रीच्या हाती ब्रेक देणे धोक्याचे आहे, असा युक्तिवाद कंपन्या करतात. तो मान्य करू या. मग त्याला शिकवा, माहितीपुस्तिका द्या, यंत्र वाजवी किमतीत विका. अज्ञान राखायचे आणि त्याच अज्ञानाकडे बोट दाखवायचे, हा न्याय ज्ञानबंदीवर उभ्या राहिलेल्या समाजात आपल्या चांगल्या ओळखीचा आहे.

मात्र आपणही गॅरेजचे उदात्तीकरण करू नये. तिथे नकली भाग विकले जातात, पावती मिळत नाही, आणि पाने उचलून देणारा बारा वर्षांचा पोरगा शाळेबाहेर असतो. उलट सर्व्हिस सेंटरमधील गणवेशातला तरुणही शोषकांपैकी नाही. ठरलेल्या वेळात गाड्या उरकण्याचे आणि जादा कामे ग्राहकाच्या गळ्यात मारण्याचे ओझे त्याच्यावर वरून लादलेले असते. आपला राग त्याच्यावर निघू नये.

म्हणून पर्याय केवळ दुसरा मिस्त्री शोधण्याचा नाही, संघटनेचा आहे. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने मधल्या दलालाला वगळून किराणा माल घरोघर नेता येतो हे दाखवून दिले. मग पनवेलच्या मिस्त्रींची सहकारी संस्था का उभी राहू नये? एकट्याला न परवडणारे यंत्र वीसजण मिळून घेतील. दरपत्रक भिंतीवर लागेल, कामाची पावती मिळेल, मुले शाळेत जातील. कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीतून जॉब कार्डे आणि बिले गोळा करावीत आणि फसवणुकीची प्रकरणे अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे न्यावीत. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. आणि मागणी एकच ठेवावी : सुटे भाग, माहिती आणि यंत्र कोणाही दुरुस्ती करणाऱ्याला देणे कंपन्यांवर कायद्याने बंधनकारक करा.

पूर्ण किंमत मोजूनही जी वस्तू उघडण्याचा अधिकार आपल्याला नाही, ती आपण विकत घेतलेली नसते. भाड्याने वापरत असतो. कष्टकऱ्याच्या घामाच्या पैशाने घेतलेली गाडी त्याचीच असली पाहिजे, ही मागणी फार मोठी नाही. पण ती एकट्याने करून मिळणार नाही.