'प्रवेश फक्त गुणवत्तेवर' म्हणे!

आधी लातूर पॅटर्न आला, मग कोटा, मग रशिया-जॉर्जियाचं एमबीबीएस. आता आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात चौथं दुकान उघडलंय. सातवी-आठवीतलं पोरगं थेट अमेरिकेच्या बोर्डिंग स्कूलला पाठवा! मंगल कार्यालयात सेमिनार, चहा-सामोसा, पडद्यावर हिरवीगार लॉन आणि लाल विटांच्या इमारती. आणि खाली मोठ्या अक्षरात, 'प्रवेश फक्त गुणवत्तेवर'.

माझं भांडण या एका ओळीशी आहे. पोरं पाठवण्याशी नाही.

कारण शाळा भारी आहेत, त्यात वादच नाही. मॅसॅच्युसेट्समधली फिलिप्स अकॅडमी, जिला सगळे अँडोव्हर म्हणतात, ती 1778 ची. न्यू हॅम्पशायरची फिलिप्स एक्झेटर 1781 ची. म्हणजे पुण्यात सवाई माधवराव अजून लहान होते तेव्हापासून या शाळा चालू आहेत. एक्झेटरमध्ये 1930 साली हार्कनेस नावाच्या धनिकाने मोठी देणगी दिली, त्यातून वर्गातले बाक गेले आणि लंबगोल टेबल आलं. डझनभर मुलं आणि एक शिक्षक, समोरासमोर बसून बोलायचं. आमच्याकडे एका वर्गात साठ-सत्तर पोरं कोंबलेली असतात आणि सर फळ्याकडे तोंड करून उत्तरं उतरवून देतात. असलं शिक्षण आपल्या पोरांना कशाला, असं कुणी म्हणालं तर मी त्याच्याशीही भांडेन.

आणि परदेशातली मुलं तिथे शिकायला जाणं यातही नवीन काही नाही. 1872 पासून चीनच्या बादशाही सरकारने टप्प्याटप्प्याने 120 मुलगे न्यू इंग्लंडला पाठवले होते. त्यातले काही अँडोव्हरलाही शिकले. आपल्या पंडिता रमाबाईंची मनोरमा न्यूयॉर्क राज्यातल्या चेसब्रो सेमिनरीत शिकून आली. त्या चिनी मुलांचा खर्च सरकारने उचलला होता. आता खर्च कोण उचलतं? इथे सगळी मेख आहे.

नावाजलेल्या शाळांची राहण्या-जेवणासह वर्षाची फी 70 हजार डॉलरच्या आसपास, काहींची त्याच्याही वर. डॉलर 85 रुपये धरला तरी झाले साठ लाख. नववी ते बारावी, चार वर्षं. अडीच कोटींचा हिशेब आहे हा, आणि त्यात विमानाची तिकिटं, विमा धरलेला नाही. नाताळ आणि वसंताच्या सुट्टीत बऱ्याच शाळांची वसतिगृहं बंद होतात, तेव्हा पोराने जायचं कुठे, तो खर्चही धरलेला नाही. सेमिनारमध्ये हा आकडा शेवटच्या स्लाइडवर येतो. तोही बारीक अक्षरात.

"पण आर्थिक मदत मिळते की!" असं लगेच सांगितलं जातं. मिळते, हे खरं आहे. अँडोव्हर आणि एक्झेटरमध्ये जवळपास निम्म्या मुलांना मदत मिळते. प्रवेश ठरवताना बापाचे पैसे बघायचे नाहीत, हे अँडोव्हरने 2007 मध्ये ठरवलं. एक्झेटरने 2021 मध्ये तसं जाहीर केलं. पण अशा शाळा हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या. दोघींकडेही अब्ज डॉलरच्या पुढचा निधी आहे, म्हणून त्यांना ते परवडतं. बाकी बहुतेक ठिकाणी मदतीचा अर्ज केला की तुमची फाईल वेगळ्या नजरेने वाचली जाते. त्यात परदेशी मुलांसाठी मदतीची रक्कम मुळातच तुटपुंजी. कित्येक शाळांनी हे आपल्या वेबसाइटवर सरळ लिहून ठेवलंय. शाळा काही लपवत नाहीत. लपवतो तो मधला माणूस.

थोडक्यात, सारख्याच हुशारीची दोन मुलं असतील, एकाचा बाप पूर्ण फी भरणारा आणि दुसऱ्याला मदत लागणारी, तर बहुतेक शाळांत पहिल्याला जागा मिळण्याची शक्यता जास्त. याला गुणवत्ता म्हणायचं असेल तर म्हणा. मग आपल्याकडच्या मॅनेजमेंट कोट्यालाही तेच म्हणा!

यावर एक जण मला म्हणाला, "दादा, आमचा मेहुणा न्यूजर्सीत आहे. पोराला त्याच्याकडे ठेवून तिथल्या सरकारी शाळेत घालतो, फुकटात काम होईल." नाही होणार. 1996 च्या कायद्याने ही वाट बंद केली आहे. विद्यार्थी व्हिसावर सरकारी शाळेत आठवीपर्यंत प्रवेशच नाही. त्यापुढे मिळतो तो जास्तीत जास्त बारा महिने, आणि त्याचाही सगळा खर्च आधी भरावा लागतो. टुरिस्ट व्हिसावर नेऊन शाळेत बसवणं तर बेकायदाच. परदेशी पोरांची गर्दी खाजगी बोर्डिंगलाच का होते, त्याचं हे एक मोठं कारण. तिथे शिकायचं तर ही एकच खिडकी उघडी, आणि खिडकीवर दर लावलेला.

त्यातून व्हिसासाठी खात्यावर पैसे असल्याचे कागद दाखवावे लागतात. ते पैसे चार दिवसांसाठी फिरवून दाखवायची 'सोय' करून देणारे लोक कुठे भेटतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पहिलं वर्ष निघतं. दुसऱ्या वर्षाचं काय? जमीन. दुसरं काय असतं आपल्याकडे?

पण मला सगळ्यात जास्त राग येतो तो निबंधाचा. या शाळांच्या अर्जात एसएसएटीचे मार्क लागतात, इंग्रजी मातृभाषा नसेल तर बहुधा टोफेल लागते, गणिताच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात, मुलाखत होते. आणि मुलाने स्वतःबद्दल लिहायचं असतं. आईबापांनीही आपल्या मुलाबद्दल लिहायचं असतं. शाळेला बघायचं असतं की हे तेरा वर्षांचं पोरगं विचार कसा करतं. आणि इकडे काय होतं? निबंध कन्सल्टंटच्या ऑफिसातली पोरगी लिहिते. आईबापांचं पत्रही तीच लिहिते. शिफारसपत्र छापून येतं आणि आमचे गुरुजी खाली सही ठोकतात, कारण ते इंग्रजीत आहे आणि संस्थाचालकांचा फोन आलेला असतो. ज्याने आयुष्यात झाडाला पाणी घातलं नाही, त्याच्या नावावर पाणी फाउंडेशनच्या धर्तीवर गाव बदलल्याची कहाणी! खोटं लिहून द्यायचं आणि पोराला ते मुलाखतीसाठी पाठ करायला लावायचं. लाखभर रुपये मोजून आपण हे शिकवतोय.

आता माझ्याच धंद्याबद्दल. 'तालुक्याच्या सुपुत्राची अमेरिकेत भरारी', तीन कॉलम, फेटा बांधलेला फोटो. ही बातमी येते कुठून? प्रेसनोटमधून. प्रेसनोट पाठवतो कोण? एजन्सी. सोबत पुढच्या आठवड्याची जाहिरात. बातमीत शाळेचं नाव असतं, आजोबांचं नाव असतं, आमदारांनी अभिनंदन केल्याचं असतं. फी किती, मदत मिळाली की नाही, हे नसतं. ती बातमी वाचून शंभर घरांत शंभर बाप आपल्या पोराकडे बघून म्हणतात, "बघ, शीक काहीतरी." त्या पोरांत कमी काय आहे? अडीच कोटी कमी आहेत. एवढं एक वाक्य बातमीत घालायला काय जातं?

आमच्या भागात 'बोर्डिंग' या शब्दाला वेगळा वास आहे. इथे म्हातारी माणसं अजून "मी बोर्डिंगात शिकलो" असं छाती फुगवून सांगतात. शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग जातीजातींची, धर्मांची बोर्डिंगं उभी राहिली. कर्मवीर अण्णांनी 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली आणली. पोरं राबायची आणि शिकायची. आणि गंमत बघा, अमेरिकेतही असं झालेलं आहे. ड्वाइट मूडी नावाच्या धर्मोपदेशकाने 1879 मध्ये मुलींसाठी आणि 1881 मध्ये मुलांसाठी शाळा काढल्या, त्या मुख्यतः गरिबांच्या लेकरांसाठी. तिथेही पोरं काम करून शिकायची. आज नॉर्थफील्ड माउंट हर्मन या नावाने ती शाळा चालते. तिथल्या प्रत्येक मुलाला आजही आठवड्याला काही तास काम करावं लागतं. फी मात्र आता इतर बड्या शाळांच्याच रांगेत.

सेमिनारमध्ये न सांगितलेल्या दोन गोष्टीही लिहून ठेवतो, कुणाच्या तरी उपयोगी पडतील. जागतिक मुलांसाठीच्या यूडब्ल्यूसी शाळांपैकी एक आपल्याच पुणे जिल्ह्यात, मुळशीकडे आहे आणि एक अमेरिकेत न्यू मेक्सिकोत आहे. ती शेवटच्या दोन वर्षांसाठी आहे, भारतातली निवड एक राष्ट्रीय समिती करते आणि घरची परिस्थिती बघून शिष्यवृत्ती देते. आणि दुसरी, आपली नवोदय. जिल्ह्याला एक, सहावीला 80 जागा, पाऊणशे टक्के ग्रामीण मुलांसाठी, राहणं-जेवण-शिक्षण सरकारचं. तिचा फॉर्म भरायची तारीख कधी गेली हे गावातल्या निम्म्या पालकांना कळतसुद्धा नाही, कारण तिचा फ्लेक्स कुणी लावत नाही. त्यात कुणाला कमिशन नाही.

या रविवारी सकाळी अकराला परत एक सेमिनार आहे. मी जाणार आहे. तुम्ही पाठवलेल्या मुलांपैकी किती जणांना मदत मिळाली आणि किती, हे विचारणार आहे. निबंध कोण लिहितं तेही विचारणार आहे. शाळेकडून तुम्हाला कमिशन मिळतं का, आणि दुसऱ्या वर्षी पैसे संपले तर पोराचं काय होतं, याचं उत्तर माईकवर मागणार आहे. ज्यांची पोरं सातवी-आठवीत आहेत त्यांनी सोबत या. सामोसा फुकट आहे.