'ब्लायटी' म्हणजे इंग्लंड नव्हे

पहिल्या महायुद्धातील इंग्रजी कविता शिकवताना 'ब्लायटी' हा शब्द आला की टीप ठरलेली: 'इंग्लंड, सैनिकी बोलीतील शब्द.' विद्यार्थी ती उतरवून घेतात, शिक्षक पुढच्या ओळीकडे वळतात. टीप चुकीची नाही, एवढ्यावर तिला सोडून द्यायला आम्ही तयार नाही. ओवेनच्या 'द डेड-बीट'मध्ये जखम नसताना कोसळलेल्या सैनिकाला ब्लायटी दिसत असावी, असे कोणी म्हणते. तेथे नकाशावरचे इंग्लंड बसवून पाहावे; कविता तत्काळ निष्प्राण होते. कारण खंदकांत 'ब्लायटी' हे जखमेचेही नाव होते: जीव घेणार नाही, पण मायदेशी धाडावेच लागेल अशी जखम. माणसे ती मनोमन मागत. त्या सैनिकावर सोंगाचा संशय येतो, तो या मागण्याच्या सावलीत.

मूळ शब्द 'विलायती', हे कोशांत सापडते. तेवढ्यावरून 'साहेबाने आमचा शब्द उचलला' म्हणून छाती फुगवणारे मित्र आम्हांला त्या टिपेइतकेच आळशी वाटतात. शब्द मुळात अरबी. अंमल, प्रांत या अर्थाचा. फारसीवाटे तो येथे आला आणि दूरदेशाचे, पुढे युरोपचे नाव झाला. (मेक्सिकोकडच्या चिंचेलाही आपण खुशाल 'विलायती' म्हणतो!) भारतातील गोऱ्या सैनिकांनी या विशेषणाचे नाम केले, आणि परक्यांनी आपल्या घराला दिलेले 'परके' हे नाव मायेने घेऊ लागले. १९१६ साली 'टेक मी बॅक टु डिअर ओल्ड ब्लायटी' हे गाणे निघाले, तोवर शब्दातला हा परकेपणा पार पुसला गेला होता.

तो ज्यांच्यासाठी पुसला गेला नाही, ते हिंदी शिपाई टिपेत कुठेच नाहीत. डिसेंबर १९१४ पासून फ्रान्समधील हिंदी जखमींना ब्रायटनच्या राजवाड्यातील रुग्णालयात आणले जाई. टॉमीची जखम त्याला घरी नेई. यांची जखम खऱ्याखुऱ्या विलायतेत, आणि बरे झालेल्यांतील अनेकांना पुन्हा आघाडीवर. सेन्सॉरने उघडलेल्या पत्रांत ही तक्रार नोंदलेली आहे. मराठा पलटणी तर लढल्या बसरा आणि बगदादच्या विलायतांत. उस्मानी दफ्तरात प्रांताला हाच शब्द होता. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत येथे शरण गेलेल्या फौजेत १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. त्यांच्या जखमांना 'ब्लायटी' म्हणण्याची सोय नव्हती.

पुढील आवृत्तीत संपादकांनी कागदाची काटकसर अन्यत्र करावी.