गव्हाचं पिंप आणि ती करडी गोळी



वर्षाचा गहू भरायचे दिवस आले की आमच्याकडे दरवर्षी तोच घोळ. शाळेचे पेपर तपासायचे राहिलेले, मुलांना सुट्टी लागलेली, आणि गच्चीवर पसरलेला गहू कबुतरांपासून राखायचा. मागच्या वर्षी मी घाई केली. एक क्विंटल लोकवन, दोन दिवस ऊन दाखवलं, आणि रात्री पाहुणे यायचे म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गरम गरमच पत्र्याच्या पिंपात ओतून झाकण लावलं. सासूबाई म्हणाल्याही, "अगं, रात्रभर निवू दे त्याला." मी हो हो म्हटलं आणि विसरले.

श्रावणात झाकण उघडलं तर वरच्या थराचे ढेकूळ झालेले, कुबट वास, आणि किडे तर विचारू नका!

आता कळतं की चूक साधीच होती. गरम धान्यातली वाफ रात्री गार झालेल्या झाकणाला लागते आणि तिचं पाणी होऊन पुन्हा धान्यावरच पडतं. दाणा वाळलेला दिसला तरी त्याच्या पोटात पाणी असतंच. साठवणीच्या गव्हात ते शेकडा १० ते १२ च्या वर असू नये. जास्त असलं की बुरशीचं आणि किड्यांचं फावतं. बरं, किडे आले कुठून? निवडताना तर एकही दिसला नव्हता! सोंडकिड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि चिकट स्रावाने भोक बुजवून टाकते. दाणा वरून धड दिसतो. उबदार हवेत महिन्या-सव्वा महिन्यात आतून किडा बाहेर पडतो. म्हणजे पाहुणा बाजारातूनच पोत्यात बसून आलेला असतो!

आणि मग मी दुसरी चूक केली, पहिलीहून मोठी. ओळखीच्या एका बाईंनी करड्या रंगाच्या दोन गोळ्या दिल्या. "फडक्यात बांधून पिंपात टाका, एक किडा राहणार नाही." मी टाकल्या. पिंप असतं आतल्या खोलीत, तिथेच सासूबाई आणि आमचा धाकटा झोपतात. बाहेर पाऊस म्हणून खिडक्या बंद. मध्यरात्री सासूबाईंची हाक आली. डोकं भणभणतंय, मळमळतंय, आणि खोलीभर लसणासारखा उग्र वास. मुलाला उचललं, सगळे गॅलरीत आलो. ह्यांनी लगेच रिक्षा आणली आणि दवाखाना गाठला. दोघंही बचावले. डॉक्टर मात्र मला फार बोलले, आणि बरोबरच बोलले.

ती गोळी अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडची होती. हवेतला दमटपणा लागला की तिच्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण एक ग्रॅम. त्याच्यावर उतारा नाही. मोठ्या गोदामांत जाणकार माणसं ताडपत्रीखाली ती वापरतात आणि नंतर हवा खेळवूनच आत पाय टाकतात. घरात वापरायला कायद्याने परवानगीच नाही. तरी ती हातोहात फिरते. पूर्वी काचेच्या कुप्यांत ईडीबी नावाचं औषध मिळायचं, त्यावर २००१ साली आपल्याकडे बंदी आली. पाऱ्याच्या गोळ्याही नकोत. पारा काही औषध नव्हे. बोरिक पावडरीचा तर विचार करा. तांदूळ आपण निदान धुतो, गहू मात्र सरळ गिरणीत जातो!

किडका गहू चाळून दळावा का, असं बऱ्याच जणी विचारतात. किडे चाळले जातात, त्यांची घाण पिठात राहते. ती युरिक आम्लाच्या रूपाने मोजतात, आणि विकायच्या धान्यात किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या वर ती चालत नाही. बुरशी लागलेलं तर धुऊन, वाळवूनही खाऊ नये. तिचं विष दाण्यातच राहतं. आमचा राहिलेला गहू मी टाकून दिला. सासूबाई तेव्हाही काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

यंदा असं केलं. कडक उन्हात पातळ थर, तीन-चार दिवस, मधूनमधून हात फिरवत. कॅमेरूनमध्ये चवळीवर एक प्रयोग झाला होता: खाली काळं प्लॅस्टिक, त्यावर चवळीचा पातळ थर, वर पारदर्शक प्लॅस्टिक, कडांना दगड. आत इतकं तापतं की दाण्याच्या पोटातली अंडी-अळ्याही मरतात. मी गव्हाला तसंच केलं. मग रात्रभर घरात पसरून निववला. पारखायला सोपी युक्ती सांगते. तव्यावर कोरडं केलेलं थोडं मीठ आणि मूठभर गहू कोरड्या काचेच्या बाटलीत हलवा. मीठ काचेला चिकटलं तर गहू फारच ओला आहे. नाही चिकटलं तरी ऊन चुकवू नका, कारण ही बाटली शेकडा १५ च्या वरचाच ओलावा दाखवते. दाण्याखाली दात ठेवल्यावर कट्ट वाजलं पाहिजे.

पिंप फरशीवर नाही, लाकडी फळीवर ठेवलंय. अगदी काठोकाठ भरायचं आणि झाकणाच्या फटीला चिकटपट्टी लावायची. आत हवा कमी, चुकून राहिलेला किडा ती संपवतो आणि स्वतःच गुदमरतो. पण रोज झाकण उघडलं तर काय उपयोग? म्हणून महिन्यापुरता गहू वेगळ्या डब्यात काढते. डाळींना मात्र एरंडेलच, किलोला चहाचा एक चमचा, चांगलं चोळून. अंड्यावर तेलाचा पापुद्रा बसला की त्याला श्वास मिळत नाही.

बाजरीचं मात्र पीठ साठवू नका हं. तिच्यात स्निग्धांश जास्त, दळली की तो फुटतो आणि पीठ कडू पडतं. आठवड्यापुरतीच दळून आणा.