मुलींचे डाव लवकर का संपतात?

आंतरमहाविद्यालयीन बुद्धिबळ स्पर्धांत मुलींचे डाव लवकर संपतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. कुणी त्याचे खापर स्त्रीस्वभावावर फोडतो, कुणी ‘चिकाटी नाही’ म्हणून मोकळा होतो. भिंतीवरच्या घड्याळाकडे मात्र कुणी पाहत नाही. मुलींच्या फेऱ्या मुलांच्या नंतर ठेवायच्या, पट व्हरांड्यात मांडायचे आणि साडेपाचला शिपायाने किल्ल्या वाजवायच्या. शेवटची एसटी सहाची. अशा वेळी एक प्यादे जास्त असूनही एखादी बरोबरी मागते, ती काय स्वभावापोटी?

यंदाच्याच एका स्पर्धेतला डाव सांगते. दोघीही हौशी, एक वाणिज्य शाखेची, दुसरी आमच्या इतिहासाच्या वर्गातली. पटावर उरले होते दोन राजे, दोन हत्ती आणि एकच पांढरे प्यादे. ‘आता काय, वजीर होणार!’ म्हणत बघे चहाला गेले. काळ्या बाजूने राजा प्याद्याच्या वाटेत उभा केला आणि हत्ती अशा आडव्या ओळीत धरला, की पांढऱ्या राजाला पुढे सरकता येईना. अखेर प्यादेच त्या ओळीत आले. त्याबरोबर हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि मागून शहावर शह! प्यादे पुढे गेल्याने राजाला आडोसा उरला नाही. फिलिडोरने अठराव्या शतकात दाखवलेला हा बचाव. डाव बरोबरीत सुटला. एसटी दोघींचीही चुकली. अहवालात मात्र ‘मुलींच्या गटात एक डाव बरोबरीत’ एवढीच ओळ.

१९७६ साली रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा केवढा गदारोळ झाला! जागतिक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांना, स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्वाळा द्यावा लागला. २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीत कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला. आमच्या फळ्यावरही रंगीत खडूने अभिनंदन झळकले. फळा व्हरांड्यातलाच, हे सांगायला नकोच.

मुलींचा वेगळा गट असूच नये, असे माझे म्हणणे नाही. नवख्या मुली तेथूनच खेळात येतात. पण जिला खुल्या गटात खेळायचे आहे तिचे नाव घ्यावे, फेऱ्या सकाळी सुरू कराव्यात आणि मुलींचे पटही सभागृहात मांडावेत. यासाठी निधी लागत नाही. जिमखाना समितीची एक बैठक पुरे.